आधी गोचीड काढा, मग रक्त द्या

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने जनावरांना रक्त चढवण्याबाबत देशपातळीवरची मार्गदर्शक तत्त्वे मांडली. दाता निरोगी आणि लसी टोचलेला हवा, रक्तगट व मेळ तपासल्याशिवाय रक्त चढवू नये, दानाचा मोबदला घेऊ नये, असा त्यांचा रोख आहे. झाले ते बरे झाले. मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात प्राण्यांच्या रक्तपेढ्या आहेतच. पण धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्यात कुत्रे आडवे पडले, तर चेन्नईच्या फ्रीजमधली पिशवी काय कामाची? उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तरी लातूरच्या पुढे जावे लागते. मग व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, 'मोठे कुत्रे असल्यास तातडीने या', आणि एखादा भला माणूस आपला टॉमी गाडीत घालून निघतो.

त्याच्या भलेपणाला नावे ठेवायची नाहीत. हरकत आहे ती ऐनवेळच्या धावपळीला. कुत्र्याला रक्त लागते ते अपघातात, पिलांच्या पार्व्होत किंवा उंदराचे औषध पोटात गेल्यावर. आणि आपल्याकडे बऱ्याचदा गोचीडतापात. गोचीड नुसती रक्त पीत नाही, चावताना एर्लिकिया किंवा बबेसियाचे जंतू सोडते. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, नाकातून रक्त येते. तेच जंतू दुसऱ्या एखाद्या कुत्र्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. ते खाते-पिते, भुंकते, शेपूट हलवते. मदतीला धावलेला टॉमी त्याच आळीतला, त्याच गोचिडांमधला. तपासणी न करता त्याचे रक्त चढवले, तर जिवाबरोबर आजारही पिशवीतून जातो.

एक गैरसमज 'पहिल्या वेळी काहीही चालते' हा. माणसासारखी दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये कुत्र्यात सहसा जन्मजात नसतात, म्हणून पहिली पिशवी बहुधा निभावते. दुसऱ्या वेळी तीच सवलत जिवावर बेतू शकते. मांजराच्या बाबतीत तर पहिल्या वेळीही ही सूट नाही. म्हणून एकदा रक्त चढले की त्याची नोंद कुत्र्याच्या कार्डावर हवी.

दाता कसा असावा, हे ठरलेले आहे: वय साधारण एक ते आठ वर्षे, वजन 25 किलोच्या आसपास किंवा जास्त, स्वभाव शांत. एवढ्या कुत्र्याच्या अंगात जेमतेम दोन लिटर रक्त असते, म्हणून किती काढायचे ते वजनावर ठरते. मानेवरचे केस थोडे भादरून तिथल्या मोठ्या शिरेतून ते घेतात. शांत कुत्रे कुशीवर पडून राहते. परदेशात ग्रेहाउंडला या कामी मान आहे, कारण लांब मान, ठळक शीर आणि रक्तात तांबड्या पेशी भरपूर. त्याच बांध्याचा कारवानी जातीचा कुत्रा आपल्या भागात शेताशेतावर आहे. जातिवंत म्हणून मिरवताना त्याचा हा उपयोग कुणी सांगत नाही.

कुत्रे स्वतःहून रक्त देत नाही, मालक देतो. तेव्हा ते अंग चोरू लागले, गुरगुरले, तर तिथेच थांबायला हवे. आणि 'मालकच नाही, विचारायचे कुणाला' म्हणून रस्त्यावरचे कुत्रे धरून आणणे हा तर शुद्ध आगाऊपणा. खंडोबाच्या पायाशी कुत्र्याला जागा देणाऱ्या अणदूर-नळदुर्गच्या मुलखात हे वेगळे सांगायला लागू नये.

रक्तपेढी होईल तेव्हा होवो, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दात्यांची वही आजही ठेवता येईल. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीजदिनाच्या निमित्ताने लसीसाठी कुत्री रांगेत उभी असतात. तेव्हाच वजन करावे, जंतू तपासण्यासाठी रक्ताचा थेंब काचेवर घ्यावा, मालकाला विचारून त्याचा फोन नंबर लिहावा आणि गोचिडाच्या औषधाची तारीखही. दर वर्षी वही ताजी करायची, एवढेच काम. वजनकाटा मात्र लसीच्या टेबलाशेजारी आदल्या दिवशीच आणून ठेवा.