सांबारात संभाजीराजे शोधू नका

मराठी जवान दक्षिणेत पोस्टिंगवर गेला की इडलीबरोबर त्याला एक गोष्ट ऐकायला मिळते, नाहीतर तो स्वतःच ती चारचौघांना ऐकवतो. छत्रपती संभाजीराजे तंजावरला चुलतभावाकडे, शहाजीराजांकडे, पाहुणे म्हणून गेले. आमटीसाठी लागणारी आमसुलं संपली होती. कोणीतरी चिंच घालायला सुचवलं. आमटी फर्मास जमली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिचं नाव पडलं सांबार. दुसऱ्या आवृत्तीत शहाजीराजे स्वतः आमटी करतात, तर तिसरीत खुद्द संभाजीराजेच मुदपाकखान्यात उभे. व्युत्पत्तीही तयार असते: संभा अधिक आहार!

ही गोष्ट सांगणं आपण आता बंद करावं.

आधी तारखा पाहू. शहाजीराजे तंजावरच्या गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजीराजांची हत्या झाली ११ मार्च १६८९ रोजी. म्हणजे या मेजवानीसाठी जेमतेम पाच वर्षं उरतात. त्या पाच वर्षांत औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला आहे, १६८६ ला विजापूर पडतंय, १६८७ ला गोवळकोंडा पडतोय. रायगडापासून तंजावर हजार किलोमीटरच्या वर. राजा एवढ्या लांब जातो तेव्हा बरोबर फौज जाते, दाणावैरण जाते, मागेपुढे पत्रं धावतात. अशी हालचाल मागमूस न ठेवता होत नाही, हे फौजेत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पण गोष्ट सांगणारा कधी एक कागद पुढे करत नाही. त्याच्याकडे फक्त आमसुलं असतात.

बरं, आमसुलं तरी कुठली? आमसूल कोकणाचं. देशावरच्या घराघरांत आमटी चिंचगुळाचीच होते. भोसले देशावरचे. त्यांना चिंचेचा शोध तंजावरात लागला, हे कोणत्या हिशोबाने? आणि तमिळ मुलखात चिंच तर संगम साहित्याच्या काळापासून रांधली जाते आहे.

आता शब्दाकडे या. कन्नडमध्ये ‘सांबार पदार्थ’ म्हणजे मसाल्याचे जिन्नस. केरळात ‘संभारम’ म्हणजे आलं-मिरची घातलेलं ताक. गुजरातेत ‘संभारो’ म्हणजे कोबीची परतलेली कोशिंबीर. आणि आपल्या विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर! नागपूरच्या भाजीवालीकडे दहा रुपयांचा सांबार मागून पाहा, ती काही डाळ बांधून देणार नाही. तिथली सांबारवडीही कोथिंबिरीचीच. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेलं साहित्य. मसाल्याचा संभार ज्यात पडतो ते सांबार, एवढं सरळ आहे. एका पाहुण्याच्या नावावरून मलबारचं ताक, गुजरातची कोशिंबीर आणि वऱ्हाडातली कोथिंबीर या सगळ्यांची बारशी झाली, असं मानायचं का?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, अभिमानाची गोष्ट आहे, सांगितली तर काय बिघडलं?’

बिघडतं. आमच्या लंगरात एका तमिळ सुभेदार साहेबांनी ही गोष्ट शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, ‘तुमचे राजे यायच्या आधी आम्ही भात कोरडाच खात होतो का?’ बाकीचे हसले. पण ज्याच्याबरोबर एका खंदकात बसायचं, त्याच्या आईच्या हातच्या पदार्थावर आपली मालकी सांगणं हा अभिमान नव्हे, आगाऊपणा आहे.

दुसरं, संभाजीराजांचं मोठेपण. नऊ वर्षं पातशाही फौजेला थोपवून धरणारा आणि हालहाल होऊनही न वाकणारा राजा. त्याच्या थोरवीला डाळीचा दाखला लागतो?

तिसरं मला सगळ्यात जास्त लागतं. या खोट्या गोष्टीखाली खरा ठेवा झाकला जातो. भोसल्यांनी तंजावरवर जवळपास १८० वर्षं राज्य केलं, १८५५ पर्यंत. ज्या शहाजीराजांना आपण आमटी ढवळायला लावतो, त्यांनी मराठी नाटकं लिहिली, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगाच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी. बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो आजही उभ्याने वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आजही तमिळनाडूत आहेत.

स्वयंपाकघरातलाच पुरावा हवा असेल तर तोही घ्या. तमिळमध्ये वांग्याला कत्तिरिक्काय म्हणतात, पण तंजावरकडच्या घरांत वांग्याच्या एका रसभाजीचं नाव आहे ‘रसवांगी’. ‘पिटलै’ ऐकलं की आपलं पिठलं आठवतं. ‘पोळि’ तर पुरणपोळीच. हे शब्द तिथल्या बायकांच्या तोंडी रुळले ते शेजारपाजारच्या देवाणघेवाणीतून. त्यासाठी कोणा राजाला स्वयंपाकघरात शिरावं लागलं नाही. पण रसवांगीचा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात छत्रपती नाहीत.

माझं सांगणं एवढंच. पोस्टिंग त्रिची-तंजावरकडे लागली तर एक रविवार काढा. बृहदीश्वराच्या भिंतीपाशी उभे राहून तो मराठी लेख वाचा. निवृत्त मंडळींपैकी ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी मोडी शिकावी. त्या गठ्ठ्यांना वाचणारे डोळे हवे आहेत. आणि पानात सांबार आलं तर दोनदा मागून घ्या, ज्याने केलं त्याला ‘नल्ला इरुक्कु’ म्हणा. ते त्याचं आहे.

जय हिंद.