विश्लेषण : कवितेत दडलेल्या खजिन्यामागे पाच जणांचा जीव का गेला?

अमेरिकेत २०२५ मध्ये कवितेतून खजिना शोधण्याची नवी स्पर्धा सुरू झाली. ती जाहीर करणारा फॉरेस्ट फेन यांच्या खजिन्याचा जुना शोधक. त्यामुळे फेन प्रकरण पुन्हा चर्चेत आले.

कवितेत काय होते?
सांता फे येथील कलावस्तूंचे व्यापारी फेन यांनी सोन्याची नाणी भरलेली कांस्याची पेटी रॉकी पर्वतरांगेत लपवली. २०१० मधील आत्मचरित्रात २४ ओळींची कविता दिली, त्यात नऊ खुणा. पण एकाही ठिकाणाचे नाव नाही. खुणा शेकडो दऱ्यांना लागू पडत. जी दरी दिसे, ती कवितेतलीच वाटे!

मृत्यू कसे ओढवले?
कुणी नदीत बुडाले, कुणी कड्यावरून कोसळले. वास्तविक ‘८० वर्षांचा माणूस जाऊ शकणार नाही तिथे जाऊ नका’, असे फेन सांगत. सर्वांत स्पष्ट खूण हीच होती. न्यू मेक्सिकोच्या पोलीसप्रमुखांनी २०१७ मध्ये शोध थांबवण्याची विनंती केली; फेन यांनी तो सुरूच ठेवला.

पुढे काय झाले?
जून २०२० मध्ये पेटी सापडल्याचे जाहीर झाले; ती वायोमिंगमध्ये मिळाल्याचे नंतर कळले. ती मिळवणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याने नेमकी जागा सांगितलेली नाही. तिथे गर्दी लोटेल, ही त्याची भीती.