प्रिंटआउटसोबत हाताने लिहिलेलं एक पान हवं

इमारतीच्या स्ट्रक्चरल फाइलमध्ये हल्ली दीड-दोनशे पानांचा प्रिंटआउट असतो. मी सांगलीत स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. दुसऱ्यांची डिझाइनंही माझ्याकडे तपासायला येतात. त्या पानांत आकड्यांना तोटा नसतो, पण अमुक आकडा एवढाच का, हे कुणी लिहिलेलं सापडत नाही. म्हणून माझी मागणी आहे: परवानगीसाठी येणाऱ्या प्रत्येक आरसीसी डिझाइनला निदान एका फ्रेमचा हाताने केलेला हिशेब जोडणं सक्तीचं करा.

हे फार अवघड नाही. दोन कॉलम आणि त्यांवर एक बीम, अशी साधी पोर्टल फ्रेम घ्या. बीम ६ मीटर, कॉलम ४ मीटर उंच, दोन्हींची जाडी-रुंदी एकच, कॉलमचे पाय खाली पक्के. बीमवर मीटरला २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन भार. बीम कॉलमवर नुसता टेकवला असता तर मध्यावर ९० किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट आला असता, टोकांना शून्य. पण आरसीसीत दोन्ही एकत्र ओतलेले असतात. बीम वाकताना कॉलमलाही वाकवतो. टोकं पूर्ण जखडलेली धरली तर तिथे ६० येतात. या मापात सांध्यापाशी कॉलम बीमच्या तिप्पट ताठ ठरतो. सांधा मोकळा सोडला की जरा वळतो, १५ सुटतात आणि कोपऱ्यात ४५ उरतात. त्याचे निम्मे, २२.५, कॉलमच्या पायथ्याशी जातात. बीमच्या मध्यावर ९० वजा ४५, म्हणजे ४५. इलिनॉय विद्यापीठातल्या हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेली ही रीत आपल्याकडे कॉलेजात शिकवतात, परीक्षेला विचारतात आणि नोकरी लागली की पोरं विसरतात.

तपासायला आलेल्या एका फाइलमध्ये बीमची टोकं मॉडेलमध्ये कुणीतरी ‘रिलीज’ करून ठेवली होती, म्हणजे बीम कॉलमवर नुसता टेकवलेला धरला होता. संगणकाने मध्यावर पूर्ण मोमेंट दाखवला, कोपऱ्यात शून्य. कुठेही एरर नाही. येणार कसा? वरच्या फ्रेममध्ये मध्याचे ४५ आणि कोपऱ्याचे ४५ मिळून ९० होतात, तसे ९० आणि शून्य मिळूनही ९०च होतात; संगणकाच्या लेखी तोल जुळला. ड्रॉइंगमध्ये खालच्या सळया भरपूर. कोपऱ्यात वर नावाला दोन १० एमएमच्या, त्याही कॉलममध्ये खाली न वळवता तोंडाशीच सोडलेल्या. विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये पास आहे.” एकसंध ओतलेला सांधा मात्र ड्रॉइंग वाचत नाही. त्याच्या वाट्याचा मोमेंट येणारच, आणि वर सळई नसेल तर तडा तिथेच जाणार.

पार्किंगच्या मजल्यावर तर भिंतीही नसतात; सगळी मदार कॉलम-बीमच्या सांध्यांवर. २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा खालून मोकळ्या इमारती कोसळल्या.

बारा मजल्यांचा सगळा हिशेब हाताने करा, असं कुणी म्हणत नाही. तो संगणकानेच करावा. पण त्यातली एक फ्रेम बाजूला काढून आकडा साधारण जुळतो का, हे पाहायला एक कागद आणि अर्धा तास पुरतो. ज्याला हे पान लिहिता येत नाही, त्याची सही स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर चालवून घेऊ नये.