दिवाणखान्यातला स्पीकर कोणाचा?

घरात नवे कपाट यायचे असले, की ते कुठे ठेवायचे यावर सारे घर बोलते. हाय-फायचे स्पीकर मात्र बहुधा एकाच्या हौसेने येतात आणि सगळ्यांच्या खोलीत ठाण मांडतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, आवाज चांगला हवा, दिसण्याशी काय करायचे आहे? दुसऱ्याचे म्हणणे, ही दोन काळी खोकी माझ्या दिवाणखान्यात नकोत. या वादात आपण पहिल्याला जाणकार आणि दुसऱ्याला अडाणी समजतो. माझे मत उलट आहे. ज्या खोलीत सारे घर बसते, तिथे देखणेपणाचा आग्रह धरणारे माणूस पुष्कळदा आवाजाचेही भलेच करीत असते. हे कसे, ते पाहण्यासाठी आज वाचकांना ओमानमध्ये नेतो. मोठ्या सामाईक बैठकीचा प्रश्न तिथे फार स्पष्ट दिसतो, आणि तिथली आजची घरे आपल्या घरांसारखीच सिमेंटची आहेत.

अरब घरातल्या बैठकीच्या खोलीला मजलिस म्हणतात. ओमानमध्ये गावाच्या सामाईक बैठकीला सबला असेही नाव आहे. २०१५ साली युनेस्कोने ओमान, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि कतार या चार देशांच्या मजलिसची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. जुन्या पद्धतीच्या मजलिसमध्ये खाली गालिचे, भिंतीला लागून गाद्या आणि लोड. कॉफी आणि खजूर फिरत असतात, आणि या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे त्या टोकाच्या पोराला ऐकू जाते. ही खोली बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठीच सजवलेली असते.

मस्कतमधला नवा हॉल मात्र निराळा. पायाखाली संगमरवर किंवा गुळगुळीत फरशी, वर उंच छत, समोर मोठ्या काचा. नोकरी-व्यवसायानिमित्त तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना भाड्याने मिळतो तो हॉल पुष्कळदा असाच. दिसायला थंड आणि प्रशस्त, पण टाळी वाजवली की खोली घुमते. अशा हॉलमध्ये हजारो रुपयांचे स्पीकर आणले, तरी गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळून जातात. मग दोष स्पीकरला दिला जातो आणि त्याहून महागडे स्पीकर आणायची भाषा सुरू होते.

यातले शास्त्र सोपे आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस साबिन या तरुण अध्यापकाकडे एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. साबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून व्याख्यानगृहात पसरल्या आणि घुमणे किती कमी होते ते मोजले. त्यातून त्याचे सूत्र निघाले: खोली जितकी मोठी तितका आवाज अधिक रेंगाळतो, आणि खोलीत आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरतो. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असा अगदी रिकामा, फरशी-सिमेंटचा हॉल घेतला, तर या सूत्राने आवाज विरायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. त्यातच ३० चौरस मीटरचा जाड गालिचा, एका भिंतीवर चुणीदार जाड पडदे, कापडी सोफा आणि चार माणसे आली, की तोच आकडा एका सेकंदाच्या आसपास येतो. कोणताही स्पीकर, कितीही किमतीचा असो, हे काम करू शकत नाही.

मस्कतमध्येच याचे मोठे उदाहरण आहे. सुलतान काबूस यांना पाश्चात्त्य संगीताची आवड होती. त्यांनी १९८५ साली रॉयल ओमान सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि २०११ साली मस्कतचे रॉयल ऑपेरा हाऊस सुरू झाले. ऑपेराला लागणारे सभागृह वेगळे आणि वाद्यवृंदाला लागणारे वेगळे. म्हणून तिथे रंगमंचावरचा सुमारे ५०० टनांचा एक भाग, त्यातल्या भल्या मोठ्या ऑर्गनसकट, पुढेमागे सरकवून खोलीचा आकारच बदलता येतो. एवढा खर्च करणाऱ्यांनीसुद्धा आधी खोली सुधारली. आपण मात्र पेटी बदलत बसतो.

आता त्या घरगुती वादाकडे वळू. हाय-फायच्या शौकिनांत एक जुनी थट्टा आहे, की स्पीकरची सर्वांत अवघड परीक्षा म्हणजे बायकोची पसंती. ही थट्टा मला कधीच आवडली नाही. कारण घरातली बाई, किंवा हल्ली घर सजवणारा पुरुषही, काय मागतो? पडदे चांगले हवेत, गालिचा हवा, भिंतीवर काही हवे, स्पीकर जाण्यायेण्याच्या वाटेत नकोत, पोरांच्या अंगावर पडू नयेत, तारा पायांत येऊ नयेत. यातली एक तरी मागणी आवाजाच्या विरुद्ध आहे काय? पडदे आणि गालिचा तर साबिनने सांगितलेलाच उपाय. शिवाय स्पीकर दिवसातून दोन तास वाजतात आणि उरलेले बावीस तास नुसते दिसतात. त्या बावीस तासांचा विचार करणाऱ्याला अडाणी कसे म्हणावे?

पण देखणेपणाची एक किंमतही आहे, ती आधी समजून घ्यावी. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचूर याने बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून पुस्तकांच्या फळीवर ठेवता येईल असा स्पीकर बाजारात आणला, आणि तेव्हापासून आवाज चांगला हवा तर कपाटाएवढी पेटी हवी हा समज मागे पडला. तरीही निसर्गाने फुकट काही दिलेले नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज, या तीनपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. जोसेफ हॉफमन या अमेरिकन तंत्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. म्हणून आठ मीटरच्या हॉलसाठी नारळाएवढी सुबक पेटी कोणी दाखवली आणि ती डग्ग्याचा घुमारा सगळ्या हॉलभर नेईल असे सांगितले, तर विश्वास ठेवू नये. एक तर उभे, चांगल्या लाकडाचे मोठे स्पीकर घ्यावेत, नाही तर दोन लहान स्पीकरांबरोबर खर्जाची वेगळी पेटी घेऊन ती सोफ्याआड ठेवावी. खर्ज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे ती पेटी आड राहिली तरी चालते. फक्त तिला अगदी कोपऱ्यात दाबू नये. तिथे खर्ज फुगतो आणि गाण्यावर स्वार होतो.

भारतीय वंशाच्या वाचकांना अमर बोस हे नाव माहीत असेल. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यप्रेमी गृहस्थाचा हा मुलगा. त्यांनी १९६८ साली बाजारात आणलेल्या स्पीकरमध्ये नऊ लहान कर्णे होते आणि त्यांतले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलेले होते. सभागृहात आपल्याकडे येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून येतो, हा त्यांचा विचार. कल्पना चतुर, आणि खोलीत पुष्कळ जण पसरून बसलेले असले तर उपयोगीही. पण आधीच घुमणाऱ्या फरशीच्या हॉलमध्ये भिंतींना आणखी काम देणे मला पटत नाही.

सामाईक खोलीचा दुसरा नियम असा, की तिथे राजाची खुर्ची नसावी. हाय-फायची पुस्तके दोन स्पीकर आणि एक श्रोता असा त्रिकोण काढून दाखवतात. तो त्रिकोण एकट्या माणसासाठी ठीक. घरात मात्र आजी कोपऱ्यात, मुले खाली, पाहुणे सोफ्यावर. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. झोताबाहेरच्याला शब्द बोथट ऐकू येतात. म्हणून जो स्पीकर बाजूलाही सारखाच स्वच्छ वाजतो, तो निवडावा. दुकानात त्याच्या समोर उभे राहू नये, दोन पावले बाजूला सरकून ऐकावे. बसूनही ऐकावे. मजलिसमध्ये खाली बसलेल्याचा कान जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटरवर असतो, आणि उंच उभ्या स्पीकरचा बारीक स्वरांचा कर्णा एक मीटरवर. भजनाला सतरंजीवर बसणाऱ्या आपल्या घरांनीही हे ध्यानात ठेवावे. स्पीकर किंचित खाली झुकवले तरी काम होते.

या ठिकाणी सर्वांत जास्त तोटा होतो तो म्हाताऱ्या माणसांचा. वयाबरोबर बारीक स्वर ऐकण्याची शक्ती आधी जाते, आणि स, श, क, त यांसारखी व्यंजने त्याच स्वरांवर उभी असतात. त्यात खोली घुमत असली तर आजोबांना आवाज पुरेसा येतो, शब्द मात्र समजत नाहीत. ते आवाज वाढवायला सांगतात, सून डोके धरते, नातू कानात यंत्र घालून आपल्या खोलीत जातो, आणि पाहता पाहता मोठा हॉल रिकामा होतो. स्पीकरची निवड ही किरकोळ हौस नाही असे मी म्हणतो ते याचसाठी.

ओमानच्या हवेचाही धडा घेण्यासारखा आहे. किनाऱ्यावरचा उन्हाळा दमट आणि कडक, वाळवंटाची धूळ, आणि घरात एअर कंडिशनर. काही स्पीकरच्या कर्ण्याभोवती फोमची कड असते. उष्ण दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबरी कड जास्त टिकते. लाकडाच्या पातळ आवरणावर रोज ऊन पडले तर त्याचा रंग उडतो. समुद्राकाठच्या आपल्या बेटालाही हे तंतोतंत लागू आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंतीत गाडायचे स्पीकर घेऊच नयेत. नोकरीचा करार संपला की घर सुटते आणि स्पीकर भिंतीतच राहतात.

शौकीन म्हणेल, असा सगळ्यांच्या पसंतीने घेतलेला स्पीकर म्हणजे तडजोड. असेल. ज्याला एकट्याने ऐकायचे आहे, त्याने स्वतःच्या खोलीत आपल्या मनासारखे खुशाल मांडावे. पण सामाईक खोलीत सामाईक न्याय हवा. माझी सूचना साधी आहे. घ्यायचे असलेल्या स्पीकरांच्या मापाची दोन पुठ्ठ्याची खोकी आठवडाभर ठरवलेल्या जागी ठेवा. कोणाला अडखळायला होते, कोणाच्या डोळ्यांना खुपते, ते आपोआप कळेल. मग ठरवलेल्या पैशांतला एक तृतीयांश भाग गालिचा आणि पडद्यांसाठी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बरोबर नेऊन, त्यांच्या ओळखीचे गाणे वाजवून स्पीकर निवडा. त्यांना शब्द कळले, की परीक्षा पार पडली.

१९६० च्या कॅरोल वादळानंतर आपण पत्र्याची आणि लाकडाची घरे सोडून सिमेंटच्या घरांत आलो. वाऱ्यापासून सुटका झाली, पण आपल्या 'सालों'च्या भिंती कठीण झाल्या. त्याच सालोंमध्ये आपण आरती म्हणतो, लग्न ठरवतो आणि गेलेल्यांची आठवण काढतो. तिथे येणारा स्पीकर देखणा असावा, हे मान्य. पण त्याने आपली माणसे खोलीत एकत्र बसवावीत, यातच त्याची खरी शोभा आहे.