खाकी वर्दीआधी विद्यापीठाचा उंबरठा

पावसाळा ओसरला की मावळातील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली दिसू लागतात. कामशेत, कार्ला, वडगाव, तळेगाव, कोठेही पाहावे. कोणी घड्याळ लावून सोळाशे मीटरचे अंतर कापीत असतो, कोणी गोळाफेकीचा सराव करीत असते. खंडाळ्याचे पोलीस प्रशिक्षण केंद्र याच घाटमाथ्यावर असल्याने खाकी वर्दी येथील मुलांना परकी नाही. आमच्या विद्यालयातील दहावी-बारावीच्या मुलांना पुढे काय होणार म्हणून विचारले, तर 'पोलीस' हे उत्तर हमखास ऐकू येते. या ओढीचे आम्हांस मनापासून कौतुक आहे. तथापि या स्मरणिकेच्या निमित्ताने एक मत स्पष्टपणे मांडावे असे वाटते. आपल्या मुलांनी पोलीस दलात अवश्य जावे. परंतु शक्यतो विद्यापीठाचा उंबरठा ओलांडून जावे.

या आग्रहामागे इतिहास आहे. 20 नोव्हेंबर 1930 रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश राज्यकर्त्यांना जे प्रश्न विचारले, त्यांत एक प्रश्न पोलीस दलाविषयी होता. इंग्रजी राज्यापूर्वी अस्पृश्यांना पोलिसांत प्रवेश नव्हता. तो या राज्यात तरी मिळाला काय, असे त्यांनी विचारले. ज्या वर्दीसाठी आज आपली लेकरे पहाटे उठून धावतात, ती त्यांच्या पणजोबांना नाकारलेली होती. आणि तो प्रश्न जगासमोर मांडणारा महापुरुष कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांत शिकून आलेला होता, हेही विसरता येत नाही. बंद दार उघडण्याचे बळ विद्येतून आले. उघडलेल्या दारातून आत जाताना ती विद्या बाहेर ठेवून जाणे आपणांस शोभणारे नाही.

आता भरतीचे स्वरूप पाहू. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. शारीरिक चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे विषय असतात. समाज, गुन्ह्यांची कारणे, आरोपीचे आणि पीडिताचे हक्क यांचा स्वतंत्र अभ्यास तेथे अपेक्षित नाही. निवड झाल्यावर प्रशिक्षणात कायदा शिकविला जातो हे खरे. परंतु कलमे पाठ होण्यास काही महिने पुरतात, विचारांची बैठक तेवढ्या काळात तयार होत नाही.

ती बैठक का हवी? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे अमलात आले. झडती व जप्तीचे चित्रीकरण करणे आता कायद्याने आवश्यक आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्याच्या 1995 च्या नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण त्या अधिकाऱ्यापर्यंत प्रकरण पोहोचण्यापूर्वी पीडित माणूस ठाण्यातील टेबलासमोर उभा राहतो. पलीकडे बसलेला अंमलदार फिर्याद कशी ऐकतो आणि कोणत्या शब्दांत उतरवून घेतो, यावर पुढचा सारा खटला अवलंबून असतो. त्या खुर्चीवर बसणाऱ्या आपल्या मुलाला धावता तर यावेच. ऐकता, समजता आणि नेमके लिहिता त्याहून अधिक यावे.

धम्माची शिकवणही याच दिशेने नेते. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात तथागतांनी राजा महाविजिताची कथा सांगितली आहे. राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. पुरोहिताने राजाला बजावले की, वध आणि कारावास यांनी हा उपद्रव कायमचा मिटणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक घराची दारे उघडी ठेवून राहू लागले. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात शोधणारा हा विचार आज विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्र आणि समाजशास्त्र म्हणून शिकविला जातो. आपल्या मुलांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

या शिक्षणाच्या वाटा आता फार दूर नाहीत. लोणावळ्यात आणि तळेगाव दाभाडे येथे पदवी महाविद्यालये आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पुण्यात करता येतो. गांधीनगरजवळील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाला 2020 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला असून तेथे पोलीस प्रशासनाचे अभ्यासक्रम चालतात. मात्र पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा पदवीने वर्दी आपोआप मिळत नाही. भरतीची परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते. पदवीचा रोकडा लाभ असा की, लोकसेवा आयोगामार्फत थेट भरतीने पोलीस उपनिरीक्षक होण्याचा मार्ग पदवीधरालाच खुला असतो.

यावर कोणी म्हणेल, शिकलेला पोलीस म्हणजे चांगला पोलीस, असे थोडेच आहे? आक्षेप योग्य आहे. अमेरिकेतील बर्कली शहराचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी 1916 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांसाठी गुन्हेगारीशास्त्राचे वर्ग सुरू करविले. ते स्वतः मात्र प्राथमिक शाळेपलीकडे शिकलेले नव्हते. इंग्लंड व वेल्समध्ये नव्या शिपायांसाठी पदवीचा मार्ग जवळजवळ अनिवार्य होऊ घातला होता. 2022 मध्ये तेथील सरकारने पदवीविना प्रवेशाची वाट खुली ठेवण्याचा निर्णय घेतला. तेव्हा पदवीची सक्ती व्हावी, असे आम्ही म्हणत नाही. अशा सक्तीचा पहिला फटका गरिबाच्याच मुलाला बसेल. शासनाने दार रुंदच ठेवावे. आपण मात्र आपल्या मुलांना पूर्ण तयारीनिशी त्या दारात उभे करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप घरच्या चुलीचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. तीन वर्षे पगाराविना कशी काढायची? येथे एक साधा हिशेब मांडतो. शिपाई भरतीची वयोमर्यादा मागास प्रवर्गासाठी 33 वर्षे आहे. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा एकविसाव्या वर्षी पदवीधर झाला, तरी त्याच्या हाती बारा वर्षे उरतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ज्या घरात खरोखरच थांबणे शक्य नाही, तेथील मुलाने आधी भरती व्हावे आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करावी. नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत तेवढी सोडावी.

विद्यालयानेही आपला वाटा उचलला पाहिजे. ग्रंथालयात संविधानाच्या आणि नव्या कायद्यांच्या मराठी प्रती मुलांच्या हाती लागतील अशा ठेवाव्यात. अकरावी-बारावीच्या मुलांना वर्षातून एकदा वडगावच्या न्यायालयात नेऊन कामकाज दाखवावे. पोलीस दलात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवावे आणि भरतीत किती गुण मिळाले याबरोबरच त्यांना विचारावे, पहिली फिर्याद लिहून घेताना काय अडले?

पहाटे धावणाऱ्या मुलांना आम्ही थांबवू इच्छित नाही. त्यांनी धावावे. परंतु सायंकाळी वंदना आटोपल्यावर त्याच मुलांच्या हाती पुस्तकही असावे. उद्या एखाद्या ठाण्यात भेदरलेली माउली फिर्याद घेऊन येईल, तेव्हा तिला आपला विद्यार्थी समोर दिसावा. आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची, ते कायद्याच्या चौकटीत अचूक बसविण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी. असा एक जरी विद्यार्थी घडला, तरी या विद्यालयाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.