फोटो सोमवारचा, नोंद शुक्रवारची: ७२ तास कोणत्या घड्याळाने मोजायचे?

वन्यप्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात धरता येईल, असं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अट अशी, की ७२ तासांच्या आत अ‍ॅपवर जिओटॅग फोटोसह कळवायचं.

धाराशिवकरांना हा आकडा चांगलाच ठाऊक आहे. २०२० च्या खरिपात इथलं सोयाबीन अतिवृष्टीत गेलं. ७२ तासांत कळवलं नाही, म्हणून लाखो शेतकऱ्यांची भरपाई अडली. वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. प्रश्न कायद्याचा होता, पण मला त्यात एक तांत्रिक प्रश्नही दिसतो: उशिरा पोचलेल्या माहितीचं करायचं काय?

दोन घड्याळं

लाखो फोनवरून सतत येणारी माहिती एकटा सर्व्हर पेलू शकत नाही. अशा वेळी काफ्कासारखी प्रणाली नोंदी रांगांमध्ये लावते आणि फ्लिंकसारखी प्रणाली अनेक मशीनवर मिळून त्यांचा चालता हिशेब करते. विमा अ‍ॅपच्या मागे नेमकं हेच आहे असं नाही, आपण फक्त उदाहरण घेतोय.

समजा, सोमवारी फोटो काढला. टॉवर बंद. रेंज आली शुक्रवारी. घटनेची वेळ सोमवार, सर्व्हरवर पोचण्याची वेळ शुक्रवार. सेटिंगमध्ये दुसरं घड्याळ निवडलं, तर वेळेत काढलेला फोटोही उशिराचा ठरतो.

थांबायचं किती?

पहिलं घड्याळ निवडलं तरी प्रश्न उरतोच. फ्लिंकमध्ये ‘वॉटरमार्क’ नावाची खूण असते: ‘या वेळेपर्यंतचं सगळं आलं असं धरा.’ अनेक रांगा असतील, तर सगळ्यात मागे असलेल्या रांगेवर ती खूण ठरते.

आठ तालुक्यांच्या आठ रांगा धरा. पुरात परंड्याची रांग गप्प झाली, तर बाकी सात तालुक्यांचा हिशेबही अडकतो. यावर उपाय म्हणून गप्प रांग बाजूला ठेवून पुढे जायचं सेटिंग आहे. पण मग परंड्याचे फोटो येतील तेव्हा खिडकी बंद झालेली असते. आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर फ्लिंक अशा उशिराच्या नोंदी चक्क टाकून देतं. एरर नाही, मेसेज नाही.

जास्त थांबावं, तर मेमरी भरते आणि निकाल लांबतो. म्हणून माझ्या मते योग्य मार्ग तिसरा: हिशेब वेळेत पुढे न्या, पण उशिराच्या नोंदी वेगळ्या रांगेत साठवा आणि माणसाने त्या तपासाव्यात. फ्लिंकमध्ये ही सोय आहे. फोनचं घड्याळ बदलता येतं, म्हणून दोन्ही वेळा नोंदवून ठेवाव्यात. जिथे पूर जास्त, तिथेच रेंज आधी जाते. अशा ठिकाणी नोंद टाकून देणं म्हणजे ज्याचं नुकसान सगळ्यात मोठं, त्यालाच यादीतून वगळणं.

तुमच्या हातात काय?

लोकेशन चालू ठेवून फोटो काढा आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वेळ आणि ठिकाणाची माहिती गमावतो. अ‍ॅप अडलं, तर १४४४७ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. उद्या वाद झालाच, तर सोमवारचा पुरावा तुमच्याकडे हवा.