हा तर करारावरचा दरोडा!

सोळा आण्यांच्या नुकसानीची दाद मागायला गेलो आणि अडीच आणे घेऊन परत आलो! रशियन वायूचा मोडलेला करार घेऊन ‘गेल’ ही आपली सरकारी कंपनी लंडनच्या लवादापुढे उभी राहिली. दावा होता 181 कोटी 70 लाख डॉलरपर्यंतचा. जानेवारी 2025 मध्ये प्रकरण मिटले ते 28 कोटी 50 लाख डॉलरवर. दाव्याचा सहावा हिस्साही पदरात पडला नाही. एका सार्वभौम देशाच्या कराराची जगाच्या बाजारात ही किंमत झाली, आणि त्यावर जो गदारोळ उठायला हवा होता तो उठला नाही. दोन-चार आर्थिक दैनिकांत बातमी आली आणि विषय संपला. तो संपू देता कामा नये, म्हणून हा लेख.

काय घडले ते सरळ सांगू. रशियाच्या गाझप्रॉम या सरकारी वायू कंपनीच्या सिंगापूर येथील उपकंपनीशी ‘गेल’ने 2012 मध्ये वीस वर्षांचा करार केला. दरवर्षी सुमारे 25 लाख टन द्रवरूप वायू यायचा होता. जून 2018 मध्ये पहिले जहाज गुजरातेत दहेजच्या धक्क्याला लागले, तेव्हा खुद्द केंद्रीय पेट्रोलियममंत्री स्वागताला हजर होते. भारत-रशिया मैत्रीचे पोवाडे गायले गेले. चार वर्षेही पुरती लोटली नाहीत तोच फेब्रुवारी 2022 मध्ये रशियन रणगाडे युक्रेनमध्ये घुसले. ही सिंगापूरची कंपनी होती गाझप्रॉमच्या जर्मन शाखेच्या ताब्यात. मार्चअखेर गाझप्रॉमने त्या जर्मन शाखेवर पाणी सोडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जर्मन सरकारने ती आपल्या नियंत्रणाखाली घेतली आणि पुढे तिला ‘सेफे’ हे नवे नाव मिळाले. मे महिन्यात मॉस्कोने चिडून तिच्यावर निर्बंध लादले आणि तिला मिळणारा सैबेरियातील यमालचा वायू तोडला. मग भारताकडे येणारी जहाजे थांबली.

रशियाने वायूचे शस्त्र केले, हा पहिला गुन्हा. जर्मन सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण त्या कंपनीने भारताला दिलेला शब्द काही ताब्यात घेतला नाही, हा दुसरा गुन्हा. मालमत्ता हवी, ग्राहक हवेत, जहाजे हवीत. मात्र देणे लागते ते दारात ठेवून जायचे, ही कोणत्या राज्यकारभाराची रीत? इकडे ‘गेल’ला खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला, उद्योगांना कमी वायू द्यावा लागला, उत्तर प्रदेशातील पाटा येथील स्वतःचा पेट्रोरसायन प्रकल्प साठ टक्क्यांवर चालवावा लागला. दोन बलाढ्य भांडले, आणि त्या भांडणाचा खर्च तिसऱ्याच्या नावे लिहिला गेला.

या व्यवहारातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट दंडाच्या कलमात आहे. माल दिला नाही तर कराराच्या दराच्या वीस टक्क्यांच्या आसपास दंड, बस्स! त्या वर्षी खुल्या बाजारात वायूचे भाव कुठे गेले होते? 2020 च्या टाळेबंदीत आशियातला भाव दहा लाख बीटीयूला दोन डॉलरच्या खाली उतरला होता. मार्च 2022 मध्ये त्याच भावाने 84 डॉलरला हात लावला. बाजार असा पेटलेला असताना वीस टक्के दंड म्हणजे करार मोडायला दिलेली परवानगीच. करार पाळला तर तोटा आणि मोडला तर फायदा, असे ज्या कागदात लिहून ठेवले आहे त्याला ऊर्जासुरक्षा म्हणणे ही जनतेची उघड फसवणूक आहे.

आता याच काळात युरोपने काय केले ते पाहा. वायूची टंचाई आली तर शेजारी देशाच्या घरांना आणि रुग्णालयांना वायू पुरवण्याची जबाबदारी एकमेकांवर टाकणारा कायदा युरोपीय संघाने 2017 मध्येच करून ठेवला होता. 2022 मध्ये त्यांनी भूमिगत साठे 1 नोव्हेंबरपर्यंत ऐंशी टक्के भरण्याचे बंधन घातले. जर्मनीने नागरिकांना आणि उद्योगांना भाववाढीपासून वाचवण्यासाठी 200 अब्ज युरोंची ढाल जाहीर केली आणि डिसेंबर उजाडेपर्यंत विल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप वायूचे तरंगते टर्मिनल उभे केले. आपल्या माणसांना थंडीत कुडकुडू द्यायचे नाही, हा त्यांचा निर्धार होता आणि त्या निर्धाराला आम्ही दाद देतो. संताप येतो तो पुढच्या भागाचा. त्या वर्षी युरोपची द्रवरूप वायूची आयात निम्म्याहून अधिक वाढली. वायूच्या नव्या विहिरी एका रात्रीत खणल्या जात नाहीत. मग हा वायू आला कुठून? त्यातला काही आशियातल्या गरिबांच्या वाट्याचा होता, ज्यांना बोली वाढवणे परवडले नाही.

जुलै 2022 मध्ये बांगलादेशाने खुल्या बाजारातून वायू घेणेच थांबवले, कारण भाव झेपेना. 19 जुलैपासून तिथे भागवार भारनियमन सुरू झाले, रात्री आठला दुकाने बंद करण्याचे फर्मान निघाले. त्याच महिन्यात पाकिस्तानने दहा जहाजांची निविदा काढली. एकही बोली आली नाही. पाकिस्तानला दीर्घ मुदतीचे शब्द दिलेल्या युरोपीय व्यापारी कंपन्यांनीही ठरलेली जहाजे चुकवली होती आणि दंड भरून हात झटकले होते. भारनियमन म्हणजे काय हे महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायला नको. विजेची वाट पाहत रात्री मोटारीशेजारी बसून काढलेले शेतकरी आजही आपल्या गावागावांत आहेत. ढाक्यातला आणि कराचीतला अंधारही तसाच अंधार असतो. जागतिक परिषदांत लोकशाहीचे, न्यायाचे आणि हवामानाचे धडे देणाऱ्यांनी त्या अंधाराचा हिशेब कधी दिला काय? बळी तो कान पिळी हाच कायदा असेल, तर सहकार्याची भाषा तरी बंद करा.

त्या आगीची धग मुंबईलाही लागली. 1 एप्रिल 2022 रोजी राज्य सरकारने सीएनजीवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईतला भाव किलोला 60 रुपयांवर आला. आठवडाभरात तो 67 झाला, मग 72, मग 76. नोव्हेंबरात तो 89 रुपये 50 पैशांवर गेला. दिवसाला चार किलो वायू जाळणाऱ्या रिक्षाचालकाच्या खिशातून रोज 118 रुपये जास्त जाऊ लागले. ऑक्टोबरात रिक्षाचे किमान भाडे वाढले ते 21 वरून 23 रुपये. महिन्याच्या शेवटी त्या घरात काय उरले असेल, याचा हिशेब कोणत्या मंत्रालयाने मांडला? त्या रिक्षावाल्याने युक्रेनवर चाल केली नव्हती आणि जर्मन कंपनीवर निर्बंधही लादले नव्हते.

यात एक लाज पूर्णपणे आपल्या घरची आहे. मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला उतरतो. तो आपला आहे, आपल्या समुद्रातला आहे. तरीही 2014 च्या सूत्राने त्याचा भाव बांधला होता अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशियातल्या वायूच्या भावांशी! युरोपात भडका उडाला आणि उरणच्या वायूचा दर दहा लाख बीटीयूला 2.90 डॉलरवरून एप्रिल 2022 मध्ये 6.10 आणि ऑक्टोबरात 8.57 डॉलरवर गेला. तो वायू समुद्रातून काढण्याचा खर्च युद्धामुळे तिप्पट झाला होता काय? हे सूत्र बदलून 6.50 डॉलरची कमाल मर्यादा घालायला एप्रिल 2023 उजाडले. वर्षभर लोकांनी भुर्दंड भरला, मग सरकारला जाग आली. ही दिरंगाई अक्षम्य आहे.

वायूचा प्रश्न चुलीपुरता आणि रिक्षापुरता नाही, तो शेताचा आहे. तुर्भे आणि थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे युरिया प्रकल्प नैसर्गिक वायूवर चालतात. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण वरचा भार सरकारी तिजोरी उचलते. 2022-23 मध्ये खतांवरचे केंद्राचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. तो पैसा विदर्भातल्या सिंचनाचा, मराठवाड्यातल्या शाळांचा, कोकणातल्या रुग्णालयांचा होता. तो परदेशी वायूच्या भावात जळून गेला.

एवढे पोळल्यावर दिल्लीने काय शिकावे? तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर येथे जमिनीच्या पोटात सुमारे 53 लाख टनांची राखीव कोठारे आहेत. वायूसाठी तसे एकही भूमिगत कोठार देशात नाही! आपण निम्मा वायू आयात करतो, 2030 पर्यंत ऊर्जेतला त्याचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर नेण्याच्या घोषणा करतो, आणि आणीबाणीसाठी राखून ठेवलेला साठा शून्य. आपला सर्वांत मोठा पुरवठादार कतार आहे आणि त्याचे प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येते. ती वाट बंद झाली तर काय, याचे उत्तर तहान लागल्यावर विहीर खणून मिळणार नाही. जपानने डिसेंबर 2023 पासून हिवाळ्याच्या महिन्यांसाठी द्रवरूप वायूची राखीव जहाजे धरून ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे दाभोळचे टर्मिनल लाटरोधक भिंतीअभावी वर्षानुवर्षे ऐन पावसाळ्यात बंद पडत राहिले. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाने महाराष्ट्राला एकतर्फी कराराचा धडा नव्वदच्या दशकातच दिला होता. त्या धड्याची फी आपण भरली आणि धडा मात्र विसरलो.

नळाने येणाऱ्या वायूची कहाणीही तशीच. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत यांनी 2010 मध्ये करार केला, 2015 मध्ये कोनशिला बसली. 1814 किलोमीटरच्या त्या नळातून भारतात आजवर वायूचा एक बुडबुडाही आलेला नाही. इराणच्या नळातून तर आपण आधीच अंग काढून घेतले होते. सीमा ओलांडणारे नळ होतच नाहीत असे कोणी सांगू नये. मोतिहारीहून नेपाळातील अमलेखगंजला 2019 पासून आणि सिलिगुडीहून बांगलादेशातील पार्वतीपूरला 2023 पासून नळाने इंधन जाते. मनात असले की नळ होतात.

खरे सहकार्य कसे असते याचा दाखलाही आपल्याच वहीत आहे. 2015 मध्ये भाव कोसळले तेव्हा भारताने कतारकडून ठरल्यापेक्षा कितीतरी कमी वायू उचलला. चूक आपली होती आणि सुमारे 12,000 कोटी रुपयांचा दंड डोक्यावर होता. कतारने तो माफ केला, भाव जवळजवळ निम्म्यावर आणला आणि बदल्यात भारताने जास्त माल घ्यायचे मान्य केले. कारण कतारला पुढची वीस वर्षे हे गिऱ्हाईक हवे होते. 2024 मध्ये तो करार 2048 पर्यंत वाढवला गेला. दोघांनाही एकमेकांची गरज असली तरच शब्दाला वजन येते. ती गरज निर्माण करणे हे मुत्सद्द्यांचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. यापुढे वायूच्या कोणत्याही दीर्घ करारात ‘बदली माल विकत घेण्याचा संपूर्ण खर्च’ हाच दंड असला पाहिजे. वीस टक्क्यांची पळवाट कायमची बुजवा. जे सरकार एखादी ऊर्जा कंपनी ताब्यात घेईल, त्याने तिची तिसऱ्या देशांशी असलेली देणीही ताब्यात घेतली पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम भारताने प्रत्येक व्यासपीठावर मांडावा आणि तो मान्य होईपर्यंत युरोपशी होणाऱ्या प्रत्येक व्यापारी वाटाघाटीत 2022 ची थकबाकी टेबलावर ठेवावी. तेलाच्या धक्क्यानंतर श्रीमंत देशांनी 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढून नव्वद दिवसांच्या तेलसाठ्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. वायूसाठी तसे बंधन दक्षिण आशियाने आपसात घालून घ्यावे. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका यांनी मिळून खरेदी करावी, टंचाईत एकमेकांना जहाज द्यावे. एकेकटे गेलो तर आपण बाजारात याचक आहोत. आणि वायूचे राखीव कोठार कागदावरून जमिनीत न्या. त्यासाठी तारीख जाहीर करा आणि ती पाळा.

महाराष्ट्राच्या 48 लोकसभा खासदारांना आमचे रोखठोक सांगणे आहे. उरणचा वायू, दाभोळचे टर्मिनल, थळचे खत आणि मुंबई-पुण्याच्या रिक्षा तुमच्या मतदारसंघांत आहेत. पुढचा वायू करार होईल तेव्हा स्वाक्षऱ्यांच्या छायाचित्राला टाळ्या वाजवू नका. त्यातले दंडाचे कलम काय आहे ते संसदेत उभे राहून विचारा. तुम्ही विचारले नाहीत, तर मतदारांनी तुम्हाला विचारले पाहिजे.